विक्रोळीची मतपेटी

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १९५१ साली विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. एवढ्या लागल्या, कारण तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कुणाला न विचारता गुप्त मत देता यावं, म्हणून ही सोय. बाहेरचं कुलूप महाग पडत होतं, तेव्हा कुलपाची रचना पेटीतच बसवली.

मतदारयादीचं काम याहून अवघड होतं. १७ कोटींहून अधिक नावं! अनेक बायका स्वतःचं नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्यच वाटतो. मत नवऱ्याच्या नावावर नोंदवायचं नसतं.

पण मतपेटीचा कौल उलथवू शकणाऱ्या लष्कराचं काय? तिन्ही दलांवरचं सरसेनापतिपद ब्रिटिशांनी ठेवलेलं. १९४७ मध्ये ते पदच गेलं, त्याचा दिल्लीतला बंगला, तीन मूर्ती, पंतप्रधानांचं निवासस्थान झाला आणि १९५५ मध्ये दलप्रमुखांचं 'सरसेनापती' हे नावही गेलं. तीन दलांचे तीन प्रमुख, तिघांच्या वर मुलकी संरक्षणमंत्री. सगळी फौज एकाच्या हुकमावर हलणार नाही, ही तजवीज आधीच झाली. आणीबाणी आपल्याकडेही आली, पण ती आणणारं सरकार १९७७ मध्ये मतपेटीनेच घालवलं.

पाकिस्तानला त्याच ब्रिटिश फौजेचा वाटा मिळाला होता. तिथे राज्यघटना १९५६ मध्ये आली आणि सार्वत्रिक निवडणूक होण्याआधीच, ऑक्टोबर १९५८ मध्ये, लष्करी कायदा. सत्ता हाती घेतलेल्या लष्करप्रमुख अयूब खानांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क ८०,००० प्रतिनिधींपुरता ठेवला. प्रौढ मतदानाने पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली ती डिसेंबर १९७० मध्ये. बहुमत मिळवलेल्या अवामी लीगला सत्ता दिलीच नाही. पुढचं १९७१ आपल्याला ठाऊक आहे.

लष्कर मुलकी ताब्याबाहेर जाण्याची हीच फट परकी हातही शोधतो. इराणच्या संसदेने १९५१ मध्ये तेल राष्ट्रीय मालकीचं केलं. ब्रिटनने त्या तेलाची कोंडी केली. ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने वर्तमानपत्रं, पुढारी, रस्त्यावरचे जमाव पैशाने फिरवले, सैन्यातले अधिकारी हाताशी धरले आणि पंतप्रधान मोसादेक यांना पाडलं. पुढच्याच वर्षी नव्या तेल-करारात अमेरिकी कंपन्यांना ४० टक्के वाटा मिळाला.

म्यानमारच्या सेनानींनी तर घटनेतच पाचर मारून ठेवली: २००८ च्या घटनेनुसार संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या, आणि महत्त्वाच्या दुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत. तरीही २०२० ची निवडणूक त्यांचा पाठिंबा असलेला पक्ष हरलाच. मग १ फेब्रुवारी २०२१ ला सेनानींनी सत्ता बळकावली, सबब दिली मतदारयादीतल्या घोळाची.

म्हणून यादी निर्दोष ठेवणं हे लोकशाहीच्या राखणीचंच काम. मुंबईत चाळ पुनर्विकासाला गेली की माणसं भाड्याने दुसरीकडे जातात, नावं जुन्याच पत्त्यावर राहतात. त्यासाठी फॉर्म ८ आहे: पत्ता बदलणं आणि नोंदीतली चूक सुधारणं, दोन्हीला तोच. नवं नाव घालायचं तर फॉर्म ६. एकाच माणसाने पत्ता बदलताना फॉर्म ६ भरला, तर नाव दोनदा येतं आणि घोळ तिथेच सुरू होतो.