मलिद्याचं ताट, कागदावर

आज दिवसभर डिंक, कातर आणि जलरंग. ‘तू बिश्वात’, आम्हा ज्यूंचा झाडांचा सण, जवळ आलाय. युरोपातले ज्यू कागद दुमडून इतकी नाजूक नक्षी कातरत की बघत राहावं! उलगडला की दोन्हीकडे सारखा जीवनवृक्ष. मी कातरला, पण त्याला नारळाच्या झावळ्या दिल्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आमचं झाड तेच. खाली मलिद्याचं, म्हणजे आमच्या आभाराच्या प्रार्थनेचं, ताट रंगवलं: गोड पोहे, ओलं खोबरं, केळी, खजूर. बाजूला सब्जाची वाळवलेली खरी डहाळी चिकटवली. कागदालाच वास लागलाय. चित्रात मागे अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक हवाय, ज्यावर आमचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी याच्या रथाची खूण आहे असं सांगतात तो. त्यासाठी तिथलीच माती चाळून रंगात कालवणार आहे. सणाच्या दिवशी तिकडे कोण कोण येतंय?