हेडलाइट मंद? बल्ब नंतर, आधी अर्थिंग

आज दिवसभर ट्रकच्या वायरिंगमध्येच हात होते, म्हणून लिहितोय. हेडलाइट मंद पेटला की लगेच बल्ब बदलू नका. आधी अर्थिंग, म्हणजे करंट चॅसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मार्गे बॅटरीकडे परतायची वाट, तपासा. लाइट चालू ठेवा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी बल्बच्या होल्डरच्या अर्थच्या टोकाला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर दोष अर्थिंगचा. चॅसीवरचा अर्थचा बोल्ट काढा, रंग-गंज निघून लोखंड चकाकेपर्यंत घासा, मग आवळा. बल्बवरून होल्डर काढून मोजू नका. लोड (करंट खाणारा पेटता बल्ब) नसेल तर एकच तार शिल्लक राहिलेली वायरसुद्धा पूर्ण 24 व्होल्ट दाखवते. बहुतेक जण इथेच फसतात.

इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकतो? तोही अर्थच. करंट दुसऱ्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो. एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर मारतोय? तिथला 21 वॅटचा बल्ब उडालाय, नाहीतर कमी वॅटचा बसवलाय.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळेल. केबिन उचलताना हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे दुमडतो, तिथलं इन्सुलेशन आधी बघा.