कुठल्या सेशनला बसायचं?

मोठ्या टेक कॉन्फरन्सला पहिल्यांदा निघालेली माणसं मला हमखास विचारतात: एकाच वेळी इतक्या हॉलमध्ये इतकं काही चालू असतं, त्यातलं निवडायचं कसं? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ज्याचं रेकॉर्डिंग मिळणार आहे ते बिनधास्त सोडा. कुबेकॉन या क्लाउड सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्सचे बहुतेक टॉक्स नंतर यूट्यूबवर येतात, एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड कंपनीच्या) रीइन्व्हेंट या कॉन्फरन्समधली ब्रेकआउट सेशन्सही (हॉलमधली नेहमीची व्याख्यानं) येतात आणि फॉसडेम हे ओपन सोर्सवाल्यांचं संमेलन तर थेट प्रक्षेपणच करतं. कीनोटसाठी, म्हणजे मुख्य भाषणासाठी, सकाळी रांग लावायची गरज नाही, त्यातल्या घोषणा दुपारपर्यंत सगळीकडे झालेल्या असतात. तिथे प्रत्यक्ष असल्याशिवाय जे मिळत नाही, त्यासाठी वेळ ठेवा. रीइन्व्हेंटमध्ये ते चॉक टॉक्स आणि वर्कशॉप्समध्ये मिळतं, पायकॉन या पायथन भाषेच्या कॉन्फरन्समध्ये ओपन स्पेसेसमध्ये, म्हणजे लोक तिथल्या तिथे विषय ठरवून गप्पांना जमतात तिथे.

चॉक टॉक म्हणजे छोटी खोली, एक व्हाइटबोर्ड आणि ज्या सर्व्हिसवर बोलायचं ती बांधणारी एकदोन माणसं. अशाच एका खोलीत मी मागे बसले होते. स्पीकरने बोर्डावर दोन रीजन (वेगवेगळ्या ठिकाणची डेटा सेंटर्स) काढले, मध्ये रेप्लिकेशनचा, म्हणजे डेटाची प्रत पाठवण्याचा, बाण. पुढच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, "हा बाण दहा मिनिटं मागे पडला आणि नेमका तेव्हाच फेलओव्हर झाला तर?" फेलओव्हर म्हणजे एक रीजन बंद पडल्यावर काम दुसऱ्याकडे जाणं. स्पीकरने उत्तर देता देता अर्धं चित्र पुसलं आणि नव्याने काढलं. लिहिलेली पण न पोचलेली रेकॉर्ड्स कुठे अडकतात, ती परत मिळवायची की सोडून द्यायची हे कोण ठरवतं, सगळं बोर्डावर आलं. माझ्या वहीतली सगळ्यात उपयोगी पानं त्या तासाची आहेत.

त्या बाई प्रश्न घेऊन आल्या होत्या. वेळापत्रक उघडायच्या आधी तुम्हीही आपल्या कामात सध्या काय अडलंय ते लिहून काढा. "स्केलिंग शिकायचंय" एवढं मोघम लिहून भागणार नाही. "क्यूमधला एकच मेसेज कधीकधी दोनदा प्रोसेस होतो, तो कसा थांबवायचा" असं लिहा. मग शोध घेतलात की यादी आपोआप आटोक्यात येते.

शीर्षकावर जाऊ नका, खालचा गोषवारा वाचा. कुठली सिस्टीम, किती मोठी, काय बिघडलं, काय बदललं हे त्यात असेल तर त्या माणसाकडे सांगण्यासारखं आहे. नुसती विशेषणं असतील तर पुढे चला. स्पीकर ऑन-कॉल असणारा, म्हणजे सिस्टीम बिघडली की रात्री-अपरात्री उठावं लागणारा, आहे का, हेही मी बघते. रीइन्व्हेंटच्या सेशन कोडमधला आकडा पातळी सांगतो: 100 म्हणजे ओळख, 200 मध्यम, 300 प्रगत, 400 तज्ज्ञांसाठी. आपल्या रोजच्या कामाच्या विषयात 300 च्या खाली जाऊ नका, नव्या विषयात मात्र 200 ला खुशाल बसा.

अंतराचा हिशेब फारसं कोणी करत नाही. रीइन्व्हेंट लास व्हेगासच्या अनेक हॉटेलांमध्ये पसरलेलं असतं, एका टोकाकडून दुसरीकडे जाण्यात अर्धा तास सहज मोडतो. त्यामुळे अर्ध्या दिवसाला एकच इमारत धरा. ब्रसेल्सच्या फॉसडेममध्ये नोंदणी नाही, तिकीट नाही, आणि गर्दीच्या डेव्हरूमच्या (एकेका विषयाला दिलेल्या खोलीच्या) दारावर "फुल" अशी पाटी लागते. तिथे आपल्या विषयाची एक खोली पकडून सकाळपासून बसावं. उड्या मारणारे बाहेरच राहतात.

लायटनिंग टॉक्स, म्हणजे ऐनवेळी ठरणारी छोटी भाषणं, मी कधीच चुकवत नाही. मार्च 2013 मध्ये सांता क्लाराच्या पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर हे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये बांधून चालवण्याचं साधन लोकांसमोर मांडलं, ते अशाच पाचेक मिनिटांच्या टॉकमध्ये. महिनाभर आधी वेळापत्रक पाठ करून कुणालाही ते निवडता आलं नसतं.

खुर्ची शक्यतो रांगेच्या कडेची घ्या. ओपन स्पेसची पद्धत रूढ करणाऱ्या हॅरिसन ओवेन यांचा दोन पायांचा नियम आहे: इथे शिकणंही होत नाही आणि आपला हातभारही लागत नाही असं वाटलं, तर उठून दुसरीकडे जायचं. दहा मिनिटांत तसं वाटलं तर मी उठते, आणि त्यात स्पीकरचा अपमान मानत नाही. उलट सेशन मनापासून आवडलं, तर त्यानंतरचा स्लॉट रिकामा ठेवते. स्टेजखाली स्पीकरभोवती चारपाच जण जमतात आणि स्लाइडवर घालता न आलेलं बोलणं तिथे होतं.

आणि पायकॉन यूएसला जाणार असाल तर परतीचं तिकीट काढण्याआधी स्प्रिंट्सच्या (एकत्र बसून कोड लिहिण्याच्या दिवसांच्या) तारखा बघून घ्या. मुख्य कॉन्फरन्स संपल्यावर त्या असतात, वेगळे पैसे लागत नाहीत. रोज वापरतो ती कोडची लायब्ररी सांभाळणारी माणसं त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली असतात आणि नवख्यांना शेजारी बसवून पहिला पॅच (कोडमधली छोटी दुरुस्ती) करून घेतात. बहुतेक लोक तोवर विमानतळावर पोचलेले असतात.