तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा देशावर कोण कशाला हल्ला करेल?

कोल्हापूर आणि आसपासच्या पतसंस्था, दूध संस्था यांचे संगणक मी सांभाळतो. संचालक मंडळापुढं सायबर सुरक्षेचं बोलताना पॅसिफिक महासागरातलं वानुआटू, मध्य अमेरिकेतलं कोस्टा रिका अशी नावं घेतली की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढ्याशा देशांकडं कोण बघतंय ओ? आणि आपल्याला त्यांचं काय?"

रशियाला लागून असलेल्या एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३ लाख. आपला जिल्हा २०११ च्या जनगणनेतच ३८ लाखांच्या वर होता. त्या एस्टोनियात एप्रिल २००७ मध्ये सोव्हिएत काळातला एका सैनिकाचा पुतळा हलवला, त्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ बँका, वर्तमानपत्रं, सरकारी खाती यांच्या वेबसाइटवर काही आठवडे हल्ले होत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये कोस्टा रिकाच्या अर्थखात्याच्या संगणकांत खंडणीखोर टोळी घुसली. कर आणि कस्टमची यंत्रणा बंद पडली, आयात-निर्यातीचा माल अडकला, मे महिन्यात राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात वानुआटूचं सरकारी नेटवर्क कोसळलं आणि कर्मचारी कित्येक दिवस कागद-पेनावर काम करत होते.

टोळीला देशाच्या आकाराशी देणंघेणं नसतं, दार कुठलं उघडं आहे एवढंच ती बघते. लहान देशाची खरी अडचण अशी, की त्याच्याकडं दुसरं काही नसतं. जाणकार माणसं मोजकी, त्यातलं एखादं जास्त पगारावर परदेशी गेलं की जागा रिकामीच. सगळी सरकारी खाती एकाच नेटवर्कवर, म्हणून एक पडलं की सगळं पडलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी सोमवारी सकाळी एका पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन आला, "सर, सगळ्या फायलींची नावंच बदलल्यात." अशाच टोळीनं फायलींना कुलूप लावलं होतं. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क रात्रंदिवस त्याच सर्व्हरला जोडलेली, त्यामुळं तीही कुलूपबंद झाली. हातात उरला महिन्यापूर्वीचा खातेउतारा आणि दोन पिग्मी एजंटांच्या खिशातल्या वह्या. वसुलीचं मशीन मिळालं तरी जुन्या सवयीनं दोघं रोजची वसुली लिहून ठेवायचे. घामानं पानं चिकटलेली. पाच रात्री एकजण वाचत होता, दुसरा टाइप करत होता. तिसऱ्या दिवशी भाजी विकणाऱ्या एक मावशी पिग्मीचं कार्ड घेऊन आल्या. "बाळा, माझं पैसं हायत न्हवं?" मी "हायत मावशी" म्हणालो. त्यांच्या खात्यापर्यंत आम्ही अजून पोचलोच नव्हतो. त्या रात्री सगळ्यात आधी त्यांचंच पान काढलं.

म्हणून एस्टोनियानं पुढं जे केलं त्याचं मला फार मोल वाटतं. २०१७ मध्ये त्यांनी लक्झेंबर्गशी करार केला. देशाच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत तिथल्या सर्व्हरवर राहते आणि त्या जागेला वकिलातीसारखं संरक्षण असतं. पंचगंगेला पूर येणार म्हटलं की चिखलीची माणसं जनावरं, कागदपत्रं घेऊन सोनतळी गाठतात, तसंच हे. फक्त एस्टोनियानं पाणी चढायची वाट बघितली नाही.

त्या पतसंस्थेत आता दोन डिस्क आहेत. दर शनिवारी एक दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेत जाते, तिथली इकडं येते. कपाटात ठेवताना कुठलीच वायर जोडलेली नाही ना, ते मॅनेजर स्वतः बघतात. आणि वही सोडू नका, असं मी त्या दोन एजंटांना सांगून ठेवलंय.