फुकटचा व्हिडिओ आणि त्याचं बिल

१ ऑगस्ट १९८१ ला मध्यरात्री अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं. पहिलं गाणं कुठलं लागलं, हा आता कोड्यात विचारायचा प्रश्न झालाय. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते गाणं १९७९ चं होतं, व्हिडिओही तेव्हाचाच, आणि बँड ब्रिटिश. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीकडे पहिल्या दिवशी दाखवायला ताजा माल जवळजवळ नव्हता. जो होता तो दुसऱ्या कुणाच्या तरी पैशांनी, दुसऱ्याच कारणासाठी तयार झालेला होता.

संगीत उद्योगावर या वाहिनीचा परिणाम म्हटलं की लोक केशरचना आणि कपड्यांबद्दल बोलतात. मला जास्त रस आहे तो बिलात. व्हिडिओला पैसे कुणी घातले, ते कुणाच्या खात्यातून वळते झाले, हे पाहिलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

अमेरिकेत रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा गीतकार-संगीतकाराला मानधन जातं, पण गाणाऱ्याला किंवा रेकॉर्ड कंपनीला काही मिळत नाही. ‘आम्ही तुमची जाहिरातच करतोय’ हा रेडिओचा जुना युक्तिवाद. एमटीव्ही उभं करणारे बॉब पिटमन रेडिओतूनच आलेले. त्यांनी तोच हिशेब टीव्हीवर आणला: रेकॉर्ड कंपन्यांनी व्हिडिओ फुकट द्यायचे, वाहिनीने ते दाखवायचे आणि जाहिरातींचं उत्पन्न आपल्याकडे ठेवायचं. काही कंपन्यांनी सुरुवातीला कुरकुर केली. पण १९७९ पासून रेकॉर्ड विक्री घसरलेली होती आणि रेडिओवर नव्या बँडला शिरकाव मिळत नव्हता. त्यामुळे नाही म्हणणं परवडणारं नव्हतं.

ब्रिटिश बँडांकडे व्हिडिओ तयार असायचे, कारण त्यांना युरोप-ऑस्ट्रेलियातल्या टीव्ही कार्यक्रमांना प्रत्येक वेळी स्वतः जाणं जमायचं नाही; टेप पाठवली की काम भागायचं. अमेरिकन बँड गावोगावी दौरे करायचे, त्यांना ही गरज नव्हती. म्हणून साठा ब्रिटिशांचा. पहिल्या काही आठवड्यांतच, जिथे केबलवर एमटीव्ही दिसत होतं त्या गावांतल्या रेकॉर्ड दुकानांत ह्यूमन लीग, बो वाउ वाउ आणि ऑस्ट्रेलियाचे मेन ॲट वर्क यांच्या रेकॉर्डी मागायला लोक यायला लागले. स्थानिक रेडिओ त्या वाजवतच नव्हता, म्हणजे मागणी कुठून येते हे दुकानदाराला लगेच कळत होतं. उद्योगाला पटलं ते इथे. १९८२ च्या जुलैत ह्यूमन लीग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

आता बिल. करारात साधारण असं लिहिलेलं असे: व्हिडिओचा खर्च कंपनी आधी करेल आणि त्यातला निम्मा कलाकाराच्या रॉयल्टीतून वसूल करेल. ठरलेल्या मर्यादेपलीकडे खर्च गेला, तर वरचा पूर्ण भाग कलाकाराच्या माथी. सोयीसाठी आकडे धरू. व्हिडिओ १,००,००० डॉलरचा, कलाकाराला अल्बममागे १ डॉलर रॉयल्टी. निम्मे म्हणजे ५०,००० डॉलर वसूल व्हायचे, तर फक्त व्हिडिओपायी ५०,००० अल्बम जास्तीचे विकले गेले पाहिजेत. ध्वनिमुद्रणाचा ॲडव्हान्स फिटायचा तो वेगळाच. एका अल्बममधून तीन गाण्यांचे व्हिडिओ काढले की हा आकडा तिप्पट. पहिल्या अल्बमची बाकी दुसऱ्याच्या कमाईतून वळती करायचं कलम असलं, तर तीन वर्षांनी गाजलेला बँडसुद्धा कागदावर कर्जात दिसतो. आणि व्हिडिओ वाहिनीने घेतलाच नाही, तरी वसुली थांबत नाही. नव्या बँडांचे वकील या कलमावर सगळ्यात जास्त घासाघीस करत: मर्यादा किती, ती ओलांडायला लेखी संमती लागेल का, आणि पुढे कॅसेटवर व्हिडिओ विकला गेला तर तो खर्च आधी त्याच उत्पन्नातून फेडला जाईल का.

पैसा जायचा कुठे? बराचसा फिल्मवर, आणि ओठ गाण्याशी जुळवण्यात. हा भाग बाहेरून सोपा वाटतो. सेटवर गाणं स्पीकरवर लावायचं, गायकाने ओठ हलवायचे, झालं. अडचण आकड्यांत आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते, अमेरिकन टीव्ही २९.९७ ने. फिल्म टेपवर उतरवताना ती २३.९७६ या वेगाने चालवली जाते, म्हणजे हजारात एक इतकी मंद. चार मिनिटांच्या गाण्यात हा फरक सुमारे पाव सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ सहा फ्रेमचा होतो. दोन फ्रेमचा फरकही सरावलेल्या डोळ्याला खटकतो. त्यामुळे एका सलग शॉटमध्ये पहिलं कडवं अगदी जुळलेलं आणि दीडेक मिनिटानंतर ओठ मागे पडलेले, असा प्रकार होतो. नवखा संकलक टेप पुढेमागे सरकवत बसतो. एक टोक जुळवलं की दुसरं सुटतं. उपाय संकलनात नसून सेटवर असतो. प्लेबॅक, म्हणजे सेटवर लावलेलं गाणं, हजारात एक इतका जलद वाजवायचा. मग फिल्म टेपवर मंद झाली की गाणं मूळ वेगावर येतं. अट एकच: कॅमेरा आणि टेप मशीन दोन्ही क्रिस्टलवर, म्हणजे वेग अचूक राखणाऱ्या यंत्रणेवर, चालणारी हवीत. साध्या मोटरचा कॅमेरा बॅटरी उतरताना वेग सोडतो आणि मग काहीच जुळत नाही.

ब्रिटनमध्ये टीव्ही २५ फ्रेमचा, म्हणून तिथे फिल्मही २५ नेच चालवायची. विसरून कुणी २४ ने शूट केलं, तर टीव्हीवर चित्र चार टक्क्यांनी जलद धावतं. चार मिनिटांत जवळजवळ दहा सेकंदांची तफावत. ती दुरुस्त करायच्या भानगडीत न पडता पुन्हा शूट केलेलं बरं.

मंदगतीचे शॉट हा आणखी एक त्रासाचा लाड. केस, कपडे संथ हलताहेत पण ओठ बरोबर जुळलेले, हे करायचं तर कॅमेरा ४८ फ्रेमने आणि गाणं दुप्पट वेगाने. दुप्पट वेगात गायकाला शब्द धड ऐकूही येत नाहीत. म्हणून अनुभवी दिग्दर्शक संथ ओळीच निवडतात, किंवा ३० ते ३६ फ्रेमवर भागवतात.

चौकटीचंही तसंच. घरच्या टीव्ही संचात चित्राच्या कडा कापल्या जायच्या, आणि खाली डाव्या कोपऱ्यात वाहिनीची पट्टी यायची: कलाकार, गाणं, अल्बम, कंपनी. ती पट्टी सुरुवातीला आणि शेवटी. त्या काही सेकंदांत गिटारवरची बोटं त्याच कोपऱ्यात ठेवली की ती झाकली गेलीच. दिग्दर्शकाचं नाव त्या पट्टीत यायला मात्र १९९२ उजाडलं.

एवढं करून वाहिनी गाणं किती वेळा दाखवणार हे तिच्या हातात. रेडिओसारखीच तिथेही हेवी, मीडियम, लाइट अशी वर्गवारी होती. हेवीत पडलं की दिवसाला तीन-चार वेळा, लाइटमध्ये पडलं की एखाद्या वेळी, तेही मध्यरात्री. त्यामुळे गाणी निवडतानाच प्रश्न यायला लागला: याचा व्हिडिओ होईल का? लांब गिटार सोलो म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची पंचाईत, म्हणून व्हिडिओच्या आवृत्तीत पहिली कात्री तिथे.

आ-हा या बँडच्या ‘टेक ऑन मी’वरून पैशाची ताकद दिसते. १९८४ मध्ये गाणं आलं आणि पडलं. ते पुन्हा ध्वनिमुद्रित झालं आणि दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांच्याकडे नव्या व्हिडिओचं काम गेलं. जिवंत चित्रीकरणावर पेन्सिलची रेखाटनं, ३,००० हून अधिक फ्रेम एकेक करून हाताने काढलेल्या, सुमारे १६ आठवड्यांचं काम. ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं चांगलं होतंच. पण चांगल्या गाण्याला दुसरी संधी देण्याची ऐपत मोठ्या कंपनीकडेच असते. लहान कंपनीच्या बँडला हे दार बंद.

आणि काहींना दारच नव्हतं. वाहिनीने स्वतःला रॉकची वाहिनी ठरवलं होतं, त्यामुळे कृष्णवर्णीय कलाकारांचे व्हिडिओ परत जात. रिक जेम्स यांनी जाहीर तक्रार केली. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी यांनी एमटीव्हीच्याच निवेदकाला कॅमेऱ्यासमोर याबद्दल विचारलं, आणि उत्तर देताना त्याची ओढाताण झाली. त्याच वर्षी मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ लागायला लागलं. सीबीएस रेकॉर्ड्सने आपले सगळे व्हिडिओ काढून घ्यायची धमकी दिली म्हणून ते लागलं, असं सांगतात. वाहिनीच्या लोकांनी हे नाकारलंय. खरं काहीही असो, कंपन्यांच्या हातात हत्यार होतं ते हेच: फुकटचा माल बंद करणं. रॅपला मात्र स्वतःचा कार्यक्रम मिळायला ऑगस्ट १९८८ उजाडावा लागला.

फुकटच्या या नियमाला सर्वात सुंदर बगल दिली ती जॅक्सनच्याच ‘थ्रिलर’ने. अल्बम येऊन वर्ष झालेलं, तो तुफान विकला गेलेला. आता आणखी एका महागड्या व्हिडिओला मोठी रक्कम द्यायला कंपनी तयार नव्हती. व्हिडिओ सुमारे १४ मिनिटांचा, दिग्दर्शक जॉन लँडिस, आणि एमटीव्ही व्हिडिओला पैसे देत नसे. मग चित्रीकरणाचा माहितीपट काढायचं ठरलं. माहितीपट विकत घ्यायला कसली आडकाठी! शोटाइम वाहिनीने सुमारे ३,००,००० डॉलर दिले, एमटीव्हीने सुमारे २,५०,०००, शिवाय कॅसेटचे हक्क विकले गेले. डिसेंबर १९८३ मध्ये व्हिडिओ लागला.

पुढच्याच वर्षी एमटीव्हीने मोठ्या कंपन्यांशी करार करून काही व्हिडिओ ठरावीक काळ फक्त आपल्यालाच मिळतील अशी सोय केली, आणि त्यासाठी पैसे मोजले. म्हणजे फुकटचं तत्त्व सोडलं ते स्पर्धा मारण्यासाठी. टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांची केबल म्युझिक चॅनेल १९८४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि सुमारे महिनाभरात एमटीव्हीलाच विकली गेली. ब्रिटनमध्ये कंपन्या जास्त सावध निघाल्या. त्यांनी १९८४ मध्ये व्हीपीएल ही संस्था काढून व्हिडिओ दाखवायचे परवाने एकत्रितपणे विकायला घेतले. एमटीव्ही युरोपचं त्यांच्याशी नव्वदच्या दशकात कोर्टात वाजलं, ते याच परवान्यांवरून.

नव्वदीत खर्च आकाशाला भिडले. १९९५ चा मायकल आणि जॅनेट जॅक्सनचा ‘स्क्रीम’ सुमारे ७० लाख डॉलरचा सांगतात. त्याच वेळी वाहिनी स्वतः एक स्वस्त मार्ग शोधून बसली होती: ‘अनप्लग्ड’. खुर्च्या, बिनविजेची वाद्यं, एका संध्याकाळचं चित्रीकरण, आणि वर अल्बम. एरिक क्लॅप्टन आणि निर्वाणा यांचे असे अल्बम तुफान विकले गेले. १९९२ मध्ये ‘रिअल वर्ल्ड’ हा रिॲलिटी शो आला आणि व्हिडिओंपेक्षा असल्या मालिकांनी प्रेक्षक जास्त वेळ खिळून राहतो हे वाहिनीला कळलं. तीन मिनिटांनी गाणं आवडलं नाही की लोक चॅनेल बदलतात. अर्धा तास भांडण चाललं असलं की थांबतात.

२००५ नंतर व्हिडिओ यूट्यूबवर गेले, आणि फेब्रुवारी २०१३ पासून बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत यूट्यूबवरचं पाहणंही मोजलं जाऊ लागलं. करारांत व्हिडिओला ‘प्रसिद्धीचं साहित्य’ म्हणत आले होते, म्हणून निम्मा खर्च कलाकाराच्या डोक्यावर. आता तेच साहित्य थेट कमावतं. त्यामुळे नवा करार हातात आला की दोन ओळी शोधा: ऑनलाइन व्हिडिओच्या उत्पन्नातला कलाकाराचा वाटा किती टक्के, आणि व्हिडिओचा खर्च आधी त्यातून वळता होतो की अल्बमच्या रॉयल्टीतून.