आमची वाटचाल: सोंगटी, पिक्सेल आणि 'फक्त वर्णनं'

हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांना यंत्रांची मॅन्युअल्स लिहून देण्यात आमच्या फर्मची बरीच वर्षं सुरळीत गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआय मॉडेलला बाहेरच्या प्रोग्रॅमांची टूलं वापरू देणारी ठरलेली पद्धत, जाहीर केला, त्यानंतर एआय एजंटसाठी (टूलं चालवणाऱ्या मॉडेलसाठी) टूलांची वर्णनं लिहायचं काम आलं. फाउंड्री या ऑनलाइन नकाशा-सोंगट्यांच्या सॉफ्टवेअरवर दर शनिवारी रोल-प्लेइंग खेळ चालवणारे वर्ध्याचे एक काका म्हणाले, "टूलं पोरानं करून ठेवली आहेत भाऊ, तुम्ही फक्त वर्णनं लिहा." तो 'फक्त' फार महाग पडला.

फर्म बुडायची वेळ आली ती एका ओळीपायी. सोंगटी हलवायच्या टूलला एक्स आणि वाय लागतात. स्कीमात, म्हणजे टूलला काय पाठवायचं त्याच्या साच्यात, दोन्ही 'नंबर', वर्णनात नुसतं 'नवी जागा'. एजंटने चौकोन मोजून ६ आणि ४ पाठवले. फाउंड्री मोजते पिक्सेल. अख्खी फौज डाव्या वरच्या कोपऱ्यात, नकाशाच्याही बाहेर, एकमेकांवर चढून बसली, आणि टूल दर खेपेला 'यशस्वी' म्हणत राहिलं. घाईघाईत आम्ही 'चौकोन गुणिले १००' अशी दुरुस्ती केली. तीही फसली, कारण दृश्याभोवती पॅडिंग, म्हणजे मोकळी कड, असतं, आणि कुणी बदललं नसेल तर ते २५ टक्के. नकाशा ४००० पिक्सेल रुंद असेल तर डावीकडे १००० पिक्सेल मोकळे जातात. म्हणजे शून्यापासून मोजलेला स्तंभ ६ हा ६००वर नव्हे, १६००वर येतो. ग्रिडचा चौकोन १०० पिक्सेलचा नसेल तर तोही हिशेब पुन्हा बदलतो.

शेवटी टूलच बदलून घेतलं. बाहेरून स्तंभ आणि ओळ घ्यायची, पिक्सेल आत काढायचे, आणि सोंगटी खरोखर कुठे पोचली ते उत्तरात परत सांगायचं. जी गोष्ट समजावायला वर्णनात चार वाक्यं लागतात, ती टूलच्या रचनेत चुकलेली असते. हे कुणी विचारलेलं नाही, तरी लिहून ठेवतो.

तोवर एक मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने त्यांना कोडवरून आपोआप डॉक्युमेंटेशन काढून दिलं, आमच्या निम्म्या दरात. प्रत्येक फंक्शनचं एक टूल आणि वर्णन काय, तर 'अपडेट अॅक्टर: अॅक्टर अपडेट करतं' (अॅक्टर म्हणजे पात्राची मूळ नोंद). टूलांची यादी मॉडेलच्या संदर्भात (ते वाचत असलेल्या मजकुरात) बहुधा आधीच जाऊन बसते, त्यामुळे अशा डझनावारी ओळी जागा खातात आणि दोन सारख्या टूलांत एजंट चुकीचं उचलतो. 'नागपूरवाले वाक्यांचे पैसे घेतात' असं आमच्याबद्दल बोललं गेलं. घेतोच. गॉब्लिनचं वाक्य बघा: 'हा आयडी नकाशावरच्या सोंगटीचा द्या, मूळ अॅक्टरचा नको.' अनलिंक्ड, म्हणजे थेट न जोडलेल्या, सोंगट्या मूळ अॅक्टरवरून माहिती घेतात आणि आपला फरक तेवढा स्वतःकडे ठेवतात. मूळ अॅक्टरचे हिट पॉइंट (जिवाचे गुण) कमी केले की ज्या गॉब्लिनांना अजून ओरखडाही नाही ते सगळे घायाळ. बाण एक, जखमी तिघे. हे कोडवरून काढलेल्या यादीत कुठून येणार?

काका मात्र टिकले. प्रत्येक शनिवारचा लॉग ते पाठवायचे, कुठे अडलं तिथे खूण करून. दुहेरी जखमेचा घोळ त्यांनीच पकडला. कनेक्शन मंद, उत्तर वेळेत आलं नाही, एजंटने 'हिट पॉइंट १२ने कमी कर' पुन्हा पाठवलं. योद्ध्याचे २४ गेले. आता ते टूल विनंतीचा क्रमांक मागतं आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर जुनंच उत्तर देतं. आयडेम्पोटंट हिंट, म्हणजे 'पुन्हा बोलावलं तरी परिणाम एकदाच' अशी टूलवरची खूण, खरी लावायची ती यानंतर. आधी नुसती लावली तर ती थाप ठरते.

एररचा मजकूर हा आमच्या मते वर्णनाचा उरलेला अर्धा भाग. 'सापडलं नाही' एवढंच वाचलं की एजंट आयडी मनाने बनवतो. आम्ही लिहितो: 'या नावाच्या ३ सोंगट्या आहेत, खालच्या आयडींपैकी एक द्या', आणि तिन्ही आयडी त्यांच्या जागांसह. तपासायला खेळाच्या जगाची प्रत घ्या, कोरा एजंट बसवा, साध्या बोलीत दहा हुकूम द्या आणि कोणतं टूल कोणत्या आकड्यांनी बोलावलं तेवढंच बघा. लिहिणाऱ्याने स्वतः वाचून तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं.

सध्या दारांचं टूल हाती आहे. स्थिती ० म्हणजे बंद, १ उघडं, २ कुलूपबंद. 'कुलूप काढ' म्हटलं की एजंट १ पाठवतो आणि दार सताड उघडून आतला राक्षस सगळ्यांना दिसतो. पाठवायचं असतं ०. काकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून पाठवली आहे.