माझ्या जुन्या मॉरिस मायनर गाडीचा पेट्रोलकाटा ठिकाणावर आला!

हेडलाइट लावा, इंडिकेटर द्या, वायपर फिरवा. काटा जागचा हलत नाही, मंडळी!

गाडीची पॉझिटिव्ह अर्थची निगेटिव्ह (म्हणजे बॉडीला बॅटरीच्या प्लसऐवजी मायनस) केल्याचं मागच्या खेपेला लिहिलंच होतं: बॅटरीच्या केबली उलट्या, इग्निशन कॉइलवरच्या दोन वायरींची (एसडब्ल्यू-सीबी) अदलाबदल, डायनमोच्या एफ (फील्ड) टर्मिनलला क्षणभर करंट. त्यानंतर स्मिथ्स कंपनीच्या मधल्या मोठ्या डायलमधलं पेट्रोलगेज उघडलं. डायल, काच, क्रोमची रिंग सगळं मूळचंच. आत जुन्या मूव्हमेंटच्या जागी एक्स-२७ स्टेपर (काटा फिरवणारी चिमुकली मोटर) आणि तिला चालवणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. मूळचा काटा स्टेपरच्या दांड्यावर बसेना. रावपुऱ्यातल्या घड्याळवाल्या काकांनी पितळेचं ज्वारीच्या दाण्याएवढं बुशिंग करून दिलं, डोळ्याला भिंग लावून, चहा गार होईपर्यंत. काटा असा बसलाय की बोटानं ढकलला तरी बुशिंगवर घसरत नाही.

आणि मग तमाशा सुरू झाला. इंडिकेटर दिला की काटा टिकटिकीच्या तालावर मान डोलवणार, आणि हेडलाइट लावले की टाकीत पाव टाकी पेट्रोल आपोआप वाढणार! फुकटचं पेट्रोल कुणाला नको, पण पंपावर ते चालत नाही.

ज्याला विचारावं तो म्हणे डायनमोचा नॉइज. कपॅसिटर टाकला, नॅनोला वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) दिला, कोडमध्ये सरासरी वाढवली. सरासरीनं एवढंच झालं, की काटा आळसावल्यासारखा डोलायला लागला. शेवटी इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले. डायनमो फिरतच नाही, तरी काटा वर! म्हणजे नॉइजचा प्रश्नच मिटला. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं टाकीवरच्या सेंडरच्या (पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या सेन्सरच्या) स्क्रूला: दिवे बंद असताना जवळपास शून्य, दिवे लावले की ०.२ व्होल्ट.

गोम अशी की मागच्या दिव्यांचा परतीचा करंट आणि सेंडरचा अर्थ, दोन्ही डिकीच्या त्याच गंजक्या पत्र्यातून पुढे बॅटरीकडे येतात. जुना स्मिथ्स सेंडर रिकाम्या टाकीला शून्याच्या आसपास आणि भरल्या टाकीला साधारण ७० ओहम दाखवतो. माझ्या ३३० ओहमच्या पुलअपवर (सेंडरला व्होल्टेज देणाऱ्या रेझिस्टरवर) भरलेली टाकी म्हणजे जेमतेम ०.९ व्होल्ट. त्यात ०.२ फुकटचे मिळाले, की झाली पाव टाकी.

मग सेंडरचा स्क्रू आणि दोन्ही टेललॅम्पचे अर्थ एकत्र करून २.५ स्क्वेअर मिलिमीटरची एकच वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली. उरलेसुरले मिलिव्होल्ट वजा करायला सेंडरच्या स्क्रूवरून एक बारीक वायर नॅनोच्या व्होल्टेज मोजणाऱ्या ए-१ पिनला. आता अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) इंडिकेटर देऊन कितीही वेळ अडकून राहा, काटा ढिम्म.

स्टेपर घेताना मात्र सांभाळून. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्तातल्यांपैकी एकाचे दात पहिल्याच दिवशी खरवडले. आणि ते निळ्या एलईडीचे ५२ मिलिमीटरवाले रेडीमेड गेज? माझ्या डॅशबोर्डवर नकोत. डायलमागे साधा पिवळट एलईडी लावलाय, जुन्या बल्बसारखा दिसतो.

पुढचं काम टेम्परेचरचं. मायनरला कंपनीनं तापमानाचं गेज दिलंच नव्हतं आणि बडोद्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. डॅशबोर्डखालच्या पार्सल शेल्फखाली वेगळं गेज टांगायचा बेत होता, पट्टीही कापून आणलीये. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: काटा आता कोडवर चालतोय, मग गेज दुसरं कशाला? शेल्फखाली लपवलेलं एक बटण. दाबून धरलं की पेट्रोलचाच काटा तापमान दाखवेल, ‘ई’ म्हणजे थंड, ‘एफ’कडे गेला की गाडी बाजूला घ्या. डॅशबोर्डला एकही भोक नाही! सेन्सर दोन वायरींचा एनटीसी (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा) घेणार, म्हणजे बॉडीच्या अर्थची कटकटच नको. पट्टी गेली भंगारात.

अडलंय ते इंजिनच्या हेडच्या बंद बुचापाशी. तिथे सेन्सर बसवायचाय, पण बूच इतक्या वर्षांचं जाम आहे. डिझेल टाकून ठेवलंय. हेड न उतरवता कुणी ते काढलं असेल, तर आधी गरम केलं होतं का, तेवढं सांगा.